आगोट, छावणी, शिलंगण

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. त्याच्या टिपणांत या मुलखातल्या हवेची नोंद आहे. इथे हिवाळा लागतो तो ट्रिनिटीच्या सणापासून, म्हणजे मे-जूनच्या सुमारास. आपण तो जुन्नरला काढला. चार महिने रात्रंदिवस जिकडेतिकडे पाणी आणि चिखल होता, आणि लोक नेमके याच दिवसांत नांगरतात, पेरतात, असे तो सांगतो. जुन्नरचा आषाढ ज्याने पाहिला आहे त्याला या वर्णनात खोट सापडणार नाही. अडते ते एका शब्दाशी. हा गृहस्थ पावसाळ्याला हिवाळा का म्हणतो?

एकटा निकितिन असता तर परक्याची गफलत म्हणून सोडून देता आले असते. पण शंभराहून अधिक वर्षांनी गोव्यात येऊन राहिलेला डच प्रवासी लिन्स्खोटेन हेच करतो. गोव्यातले पोर्तुगीज तर पावसाच्या महिन्यांना सर्रास 'इन्व्हेर्नु' म्हणजे हिवाळा म्हणत आणि कोरड्या महिन्यांना उन्हाळा. याचे उत्तर भूमध्य समुद्राकाठी असावे. तिकडे पाऊस पडतो तो थंडीत आणि दर्या खवळतो तोही थंडीत. रोमन काळी नोव्हेंबर ते मार्च समुद्र 'बंद' समजला जाई. ग्रीक भाषेत 'खेइमोन' या एकाच शब्दाचे अर्थ दोन, हिवाळा आणि वादळ. दर्यावर्दी माणसाच्या मनात 'हिवाळा' या शब्दाचा गाभा थंडीपेक्षा बंद झालेली वाट हा असावा. रशियनमध्येही 'झिमा' म्हणजे हिवाळा, आणि त्यावरून झालेले क्रियापद हिवाळाभर एका जागी मुक्काम ठोकून राहण्यासाठी वापरतात. निकितिनने जुन्नरला केले ते हेच.

आता हे शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पोर्तुगीज 'इन्व्हेर्नु' हा लॅटिन 'हिबेर्नुम'चा वंशज, आणि त्याच्या मागे 'हिएम्स', हिवाळा. रशियन 'झिमा', ग्रीक 'खेइमोन', फारसी 'जमिस्तान' आणि संस्कृत 'हिम' ही सगळी एकाच मूळ धातूची संतती. आपल्या हिवाळ्यातले 'हिव' त्याच घरातले. म्हणजे मांडवीच्या मुखाशी कोसळणारा पाऊस पाहून पोर्तुगिजाच्या तोंडी जो शब्द येई, तो आपल्या 'हिवाळ्या'चा दूरचा भाऊच होता. एकच शब्द दोन वाटांनी कोकणात पोचला आणि दोन वेगळ्या ऋतूंवर जाऊन बसला. मराठीत 'हिव' एकटे फारसे उरलेले नाही. जुन्या माणसांना 'हिव भरते' आणि 'हिंवताप' येतो, तेवढ्यापुरतेच ते दिसते.

हिवाळा, उन्हाळा, पावसाळा या तिघांच्या शेवटी 'आळा' आहे, तो 'काळ' होय. दोन स्वरांमधला 'क' प्राकृतात गळून पडतो. हिमकाल, उष्णकाल आणि प्रावृट्काल यांची आजची रूपे अशी झाली. प्रावृष् या संस्कृत शब्दाचे प्राकृतात 'पाउस' झाले. आपण ते ऱ्हस्वाचे दीर्घ करून ठेवले, आणि जुन्या कागदांत 'पाऊसकाळ' असे पूर्ण रूपही भेटते. गुजरातीत उनाळो आणि शियाळो आहेत. शियाळो म्हणजे शीतकाल. पण पावसाळ्यासाठी गुजराती माणूस 'चोमासुं' म्हणतो, हा चातुर्मास. कन्नडमध्ये मळेगाल आणि चळिगाल. तिथे 'काल'चा 'क' गळाला नाही, मऊ होऊन 'ग' झाला. कोकणीने उन्हाळ्याला 'गीम' हे नाव राखले आहे, ते ग्रीष्माचे. ग्रीष्म, गिम्ह, गीम अशी ती उतरण दिसते. मराठीत मात्र ग्रीष्म कवितेत गेला आणि घरात ऊन राहिले.

या तिघांत मान कुणाला, हे वर्ष मोजण्याच्या रीतीवरून कळते. वेदकाळी आयुष्य मागताना शंभर शरद मागत, शंभर 'हिम'ही मागत. पुढे 'वर्ष' या शब्दाने बाजी मारली, आणि वर्ष म्हणजे मुळात पाऊसच. 'अब्द' हा तर अप् देणारा, पाणी देणारा ढग. त्याचाही अर्थ वर्ष झाला. मान्सूनच्या प्रदेशात उतरलेल्या भाषेने थंडीऐवजी पावसाने वर्षे मोजायला घेतली, असे म्हणावेसे वाटते. आजही वडीलधारे माणूस 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' असे म्हणते. चार हिवाळे जास्त पाहिल्याचे कुणी सांगत नाही.

'मोसम' हा शब्द अरबी. मूळ 'मौसिम', धातू व-स-म, अर्थ खूण करणे, डाग देणे. उंटावर मालकीची खूण उमटवतात ती 'वस्म'. देखण्या माणसाला म्हणतात तो 'वसीम' याच धातूचा. मौसिम म्हणजे खूण करून ठेवलेला काळ: आधी जत्रेचा किंवा हजच्या मेळ्याचा, मग गलबते हाकारण्याचा. हवेचा अर्थ त्याला नंतर चिकटला. अरबी खलाशाच्या तोंडी 'मलबारचा मौसिम' म्हणजे मलबारला जायला निघण्याचे दिवस. हे ज्ञान अरबांच्याही आधीचे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत इजिप्तहून इकडे येणाऱ्यांनी जुलैच्या सुमारास निघावे असा सल्ला आहे, म्हणजे किनारा गाठेपर्यंत पावसाचा जोर ओसरलेला असेल. कल्याण आणि चौल ही बंदरे त्या पुस्तिकेत आहेत. हिशेब चुकला तर काय होते ते वास्को द गामाने भोगले. १४९८च्या एप्रिलअखेर मालिंदीहून निघून तो महिन्याच्या आत कालिकतला पोचला. परतताना मात्र वाऱ्याचा मौसिम न पाळता ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याने हिंदुस्थानचा किनारा सोडला, आणि मालिंदी गाठायला त्याला जवळजवळ तीन महिने लागले.

पोर्तुगिजांनी 'मौसिम'चे 'मोंसांव' केले, डचांनी आणि इंग्रजांनी त्याचे आपापले उच्चार घडवले, आणि इंग्रजीतून 'मान्सून' आपल्याकडे परत आला. त्याच्या कितीतरी आधी 'मोसम' फारसीच्या वाटेने मराठीत येऊन राहिलेला होता. सख्खे भाऊ एकाच घरात, आणि ओळख पटलेली नाही, अशी ही स्थिती. वर्तमानपत्रांत एका ओळीत 'मोसमी पाऊस' आणि पुढच्या ओळीत 'मान्सून' दिसतो. हिंदीने 'मौसम'ला रोजच्या हवेचा अर्थ दिला. मराठीत मोसम आंब्याचा असतो, लग्नाचा असतो, आणि रोजच्या हवेसाठी आपण 'हवामान' हा जोडशब्द घडवला. अरबी 'हवा' आणि संस्कृत 'मान'. तापमान, पर्जन्यमान या शुद्ध संस्कृत भावंडांच्या पंगतीत तो निःसंकोच बसला आहे. (मोसंबीचा मात्र या कुळाशी संबंध नाही. ती मोझांबिकची, असे म्हणतात. पण लिस्बनहून येणारी पोर्तुगीज गलबते वाऱ्याची वाट पाहत मोझांबिकलाच थांबत, तेव्हा मोसमाशी तिची अगदीच ओळख नाही असे नाही.)

शाळेच्या भूगोलात 'खारे वारे' आणि 'मतलई वारे' सगळ्यांनी पाठ केलेले असतात. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे, रात्री जमिनीकडून जातात ते मतलई. खारे हे नाव उघड आहे. मतलई म्हणजे काय, हे मी पुष्कळांना विचारून पाहिले आहे. अरबीत 'मतला' म्हणजे उगवण्याची जागा, उगवती. गझलेचा पहिला शेर तो मतला, तोच हा. अरबी नावाड्यांच्या होकायंत्रावरच्या दिशांना ताऱ्यांची नावे होती, आणि तारा उगवतो ती पूर्वेची बाजू 'मतला' तर मावळतो ती पश्चिमेची 'मगीब' म्हणून ओळखली जाई. कोकणपट्टीवर उगवती जमिनीच्या अंगाला. तेव्हा मतलई वारा म्हणजे मुळात पूर्वेचा वारा असावा, आणि किनाऱ्याच्या ठेवणीमुळे त्याला जमिनीवरच्या वाऱ्याचा अर्थ आला असावा. हे खरे असेल तर मराठी पाठ्यपुस्तकातल्या या एका शब्दात अरबी खलाशांचे होकायंत्र शिल्लक आहे. घाटावरच्या माणसाने उलटे केले. सूर्य मावळतो त्या बाजूच्या डोंगराळ खोऱ्यांना त्याने 'मावळ' म्हटले.

दिशांची नावे निघालीच आहेत तर 'नैऋत्य मोसमी वारे' यांतल्या नैऋत्येकडेही पाहावे. ही निर्ऋतीची दिशा. निर्ऋती म्हणजे विनाशाची, ऱ्हासाची देवता, जिथे ऋत उरलेले नाही ती. 'ऋत' आणि 'ऋतु' एकाच धातूचे मानतात. आणि सगळ्या देशाचा ऋतू ज्या वाऱ्यावर अवलंबून, तो येतो निर्ऋतीच्या घरातून.

या वाऱ्याच्या स्वागताचा कोकणी शब्द 'आगोट', कुठे 'आगोठ'. पावसाळ्याचे तोंड, आणि त्यासाठी करून ठेवायची तयारीही. व्युत्पत्ती 'अग्रवृष्टी' अशी असावी असे मला वाटते. वृष्टीचे प्राकृत 'वुट्ठि' होते. अग्ग आणि वुट्ठि जुळून आगोठ होणे ध्वनिनियमांना धरून आहे. मे महिन्यात रायगड-रत्नागिरीकडे फिरणाऱ्याला आगोटीची खरेदी दिसतेच: सोडे, सुकट, बोंबील, जवळा, मिरच्या, मीठ, वेण्या घातलेले कांदे, आमसुले. घरे शाकारून होतात, पडवीला झापांचा आडोसा लागतो, लाकूडफाटा आत येतो. होड्या किनाऱ्यावर ओढून त्याही शाकारतात. हे 'शाकारणे' शाखेपासून आलेले असावे, आणि घर आणि होडी दोघांना ते सारखेच लागू पडते हे कोकणाच्या स्वभावाला धरूनच. आता सरकारी नियमाने १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. किनाऱ्याने हा नियम कायद्याच्या कितीतरी आधीपासून पाळला. त्याची उघडण्याची तिथी श्रावणातली, नारळी पौर्णिमा.

गोव्यात याच खरेदीला 'पुरुमेंत' म्हणतात. पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु', म्हणजे पुरवठा, तरतूद. मे-जूनच्या सुमारास 'पुरुमेंताचें फेस्त' भरते आणि तिथेही सुकी मासळी, मिरची, व्हिनेगरच विकायला असते. आणि घाटावर आपण पावसाळ्याची 'बेगमी' करतो. ही फारसी. 'बे' म्हणजे विना आणि 'गम' म्हणजे चिंता. बेगमी म्हणजे मुळात निश्चिंती. कोठी भरली की चिंता मिटते, म्हणून कोठी भरण्यालाच बेगमी म्हणू लागले असावेत. राजवाड्यातल्या बेगमेशी तिचे नाते नाही, ती तुर्की. आगोट, पुरुमेंत, बेगमी: एक प्राकृतातली, एक पोर्तुगिजांची, एक फारसी. तिघींनी मिळून तोच सुक्या बोंबलांचा भारा उचलला आहे. या तिन्ही शब्दांत पाऊस 'पडण्या'पेक्षा माणसाने 'अडण्या'ची तयारी जास्त आहे, आणि माझ्या मते पश्चिम किनाऱ्याच्या ऋतुशब्दांची खरी किल्ली हीच. ते आभाळ पाहून ठेवलेले कमी, आणि वाट केव्हा बंद होते, केव्हा उघडते हे पाहून ठेवलेले जास्त दिसतात.

'छावणी' घ्या. आज छावणी म्हटले की लष्कराचा तळ डोळ्यांपुढे येतो. पण शब्द आहे 'छावणे' म्हणजे शाकारणे, छप्पर घालणे यातला. मूळ संस्कृत छद्, छादन. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात एका जागी थांबत, गवताची छपरे घालत आणि 'छावणीस' राहत. म्हणजे छावणी ही मुळात पावसाळ्याची असावी. उघड्या हंगामात असे तो तळ, मुक्काम, गोट. दसरा आला की छप्पर सोडून निघायचे. गावाची सीमा ओलांडायची ते सीमोल्लंघन, लोकांच्या तोंडी 'शिलंगण'. शिलंगणात अर्धा शब्द झिजून गेला आहे, पण दसऱ्याला गावाबाहेर जाऊन आपट्याचे सोने लुटून आणण्याची रीत अजून आहे. तिच्यामागे उघडलेल्या वाटेचा आनंद आहे, असे मला दरवर्षी वाटते. आता 'छावणी' शब्दाचे पुढचे वळण पाहा. गेल्या काही दुष्काळांत मराठवाड्यात आणि माणदेशात जनावरांसाठी 'चारा छावण्या' उघडाव्या लागल्या. पावसापासून आसरा देणाऱ्या शब्दाला पाऊस न आल्यामुळे आसरा द्यावा लागला.

फौजांच्या आधी भिक्षू थांबत होते. बौद्ध भिक्षूंचा 'वस्सावास', म्हणजे पावसाचे महिने एका ठिकाणी राहणे. पालीत 'वस्स' म्हणजे पाऊस, वर्ष आणि हा मुक्काम, तिन्ही. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. पावसाळ्यात त्या लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंना चीवरे मिळावीत म्हणून त्याने कायमची रक्कम ठेव म्हणून ठेवली. त्याच लेखांत तो स्वतः पावसाळ्यात स्वारीवर गेल्याचे सांगतो: मालय लोकांनी वेढलेल्या उत्तमभद्र लोकांना सोडवायला तो गेला, तेव्हा 'वर्षारतु' होता. जगाने थांबायच्या दिवसांत आपण निघालो, हे त्याला दगडात कोरून ठेवण्याजोगे वाटले असावे. त्या 'वर्षारतु'मागे वर्षा-ऋतू आहे की वर्षारात्र, यावर थोडे रेंगाळता येते. हिंदीतली 'बरसात' वर्षारात्रापासून आली असावी असे एक मत आहे. रात्र म्हणजे इथे काळ, जसा नवरात्रात.

चातुर्मास आषाढी एकादशीला लागतो. देव झोपतात, संन्याशाने एका जागी राहायचे असते. आणि पंढरीची वारी नेमकी त्याच दिवशी पोचते. लाखो माणसे ऐन मृगाच्या-आर्द्रेच्या पावसात चालतात हे खरे, पण वाट बंद होण्याच्या तिथीला ती विठोबाच्या दारात असतात. वारीचे वेळापत्रक ज्याने कुणी बसवले त्याने शास्त्राचा शब्द मोडलेला नाही.

मृग म्हटल्यावर नक्षत्रांकडे वळावे लागतेच. सूर्य मृगात जातो तो ७-८ जूनला. मुंबईत मान्सून पोचण्याची हवामान विभागाची सध्याची सरासरी तारीख ११ जून. जुळणी सुरेख आहे, पण ती कायमची नाही. निरयन गणनेतली ही संक्रमणे ऋतूंच्या मानाने सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. ज्ञानेश्वरांच्या काळी मृग आजच्या हिशेबाने मेअखेरीस लागत असावा. तेव्हा 'मृगाचा पाऊस' ही जोडी जुनी वाटते तरी तिची आजची घट्ट बसणी पुढच्या शतकांतली असणार. 'मृग' म्हणजे आधी कोणतेही रानटी जनावर. हरणापुरता तो नंतर आकसला. इराणात त्याच शब्दाचा 'मुर्ग' झाला, म्हणजे पक्षी, आणि पुढे कोंबडी. तळकोकणात पुष्कळ घरी 'मिरगा'ला कोंबडीचा बेत असतो. हा निव्वळ योगायोग, पण शब्द पाहणाऱ्याला तो सोडवत नाही.

पुनर्वसूचा पाऊस 'तरणा', पुष्याचा 'म्हातारा', ही नावे पेरणाऱ्यांनी ठेवलेली. हस्ताचा तो 'हत्तीचा'. हस्त म्हणजे हात आणि हत्ती म्हणजे हस्तिन्, हात असलेला. लोकांनी मधली पायरी गाळली आणि भोंडल्याच्या पाटावर हत्ती काढला. सप्टेंबरच्या अखेरीस घाटावर येणाऱ्या पाहुण्याने दुपारनंतर गडगडाटी सरी येतील हे धरून चालावे. सकाळ लख्ख असते, तेवढ्यावर जाऊ नये. मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, तिच्या आसपासचा हा परतीचा पाऊस. एप्रिल-मेमधला 'वळीव' वेगळा. त्यात 'वळणे' दिसते खरे, वाऱ्याचे किंवा ढगांचे. ज्या दिशेने गेले तिथूनच ढग वळून येतात, हा अनुभव त्यामागे असावा.

संस्कृतात 'वार्दल' म्हणजे पावसाळी दिवस. हिंदीने त्याचा 'बादल' केला, आणि मराठीत 'वादळ' झाले. एकच शब्द दोन शेजारी भाषांत ढग आणि तुफान होऊन बसला. हिंदी भाषक पाहुण्याला मराठी बातमीतले वादळ सौम्य वाटण्याचा धोका इथेच आहे. 'मळभ' हा मल आणि अभ्र यांचा, मळलेले आभाळ. आणि 'उघडीप' म्हणजे उघडणे, संस्कृत उद्घाट. पाऊस थांबला असे आपण म्हणतो, पण दोन-चार दिवसांची सुटी मिळाली की 'उघडीप दिली' म्हणतो. कुणीतरी दार उघडून बाहेर सोडल्यासारखा हा शब्द. सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्याला मुसळधार, रिपरिप, झड, भुरभुर यांपेक्षा हा एक शब्द आधी शिकवावा.

कारण घाटमाथ्यावर 'पावसाळा' या एका शब्दाखाली फार निरनिराळ्या गोष्टी मावतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पाचगणीला त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतका, आणि घाट उतरून वाईला आलात की आणखी पुष्कळ कमी. ही सगळी गावे एका दुपारच्या वाटेवरची. त्याच दिवसांत कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने सावकाश धावते, मालवणहून सिंधुदुर्गाला आणि राजपुरीहून जंजिऱ्याला होड्या सुटत नाहीत, गेटवेहून मांडव्याची बोट बंद असते. आगोट हा शब्द शहरातून गेला, पण तो सांगत होता ते धक्क्यावरच्या फळ्यावर दर जूनमध्ये लिहिलेले असते.

महाबळेश्वरात आणि माथेरानला 'सीझन' म्हणतात तो पाऊस नसतानाचा. हा शब्द लॅटिन 'सातिओ'पासून, फ्रेंचमधून. सातिओ म्हणजे पेरणी. शेतकऱ्याच्या पेरणीचा शब्द हॉटेलवाल्याच्या दरपत्रकावर कसा चढला, ही युरोपची गोष्ट. पण आपला 'हंगाम'ही त्याच वाटेने निघालेला दिसतो. फारसी 'हंगाम' म्हणजे वेळ, समय. 'हंगामा' म्हणजे जमाव, गलका. मराठीने हंगाम पिकाला दिला, मग नोकरी 'हंगामी' झाली, आणि आता कासच्या पठारावरही हंगाम असतो, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीचा, फुलांचा आणि गर्दीचा.

'खरीप' आणि 'रब्बी' यांनी जास्त चकवले आहे. अरबी 'खरीफ' म्हणजे शरद. धातूचा अर्थ फळे तोडणे. 'रबी' म्हणजे वसंत. आपण खरीप पेरतो जूनमध्ये आणि रब्बी पेरतो ऑक्टोबरनंतर, म्हणजे दोन्ही नावे पेरणीच्या वेळेला चुकीची वाटतात. ती कापणीची आहेत. खरीप शरदात कापायचा, रब्बी वसंतात. नाव ठेवणाऱ्याचे लक्ष सारावसुलीकडे असावे, आणि सारा पीक हाती आल्यावरच मिळतो. ओमानच्या दक्षिण टोकाला धोफार प्रांत आहे, सलाला हे तिथले शहर. आपल्याकडे कोसळणारा नैऋत्य वारा त्या डोंगरांना नुसता चाटून जातो. जून ते सप्टेंबर तिथे धुके आणि भुरभुर असते, उघडे डोंगर हिरवे होतात, आणि सगळ्या आखातातून लोक गाड्या काढून ते पाहायला येतात. त्या मोसमाला तिथे 'खरीफ' म्हणतात. आखातात नोकरी करणारा मराठी माणूस सुटीत तिकडे गेला की पाटीवर हा शब्द वाचतो, आणि त्याच आठवड्यात त्याच्या गावाकडे खरिपाची पेरणी चाललेली असते.